नाकाचं दुसरं ऑपरेशन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायनोप्लास्टी झाली, पण नाक मनासारखं दिसत नाही. मग ‘पुन्हा करून घ्यावं का?’ हा विचार डोक्यातून जात नाही. नाक सावकाश बदलतं आणि आपण ते रोज आरशात तपासतो. बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: दोन-तीन महिन्यांनी दिसतं तेच कायमचं नाक.

वस्तुस्थिती: बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते, उरलेली महिनोन्‌महिने रेंगाळते. शेंड्याची सूज सर्वांत शेवटी जाते. त्वचा जाड असेल तर दीड-दोन वर्षंही लागतात. म्हणून बहुतेक सर्जन किमान 12 महिने थांबायला सांगतात. मात्र ऑपरेशननंतर ताप, पू किंवा वाढती वेदना असेल, किंवा नाक अचानक गच्च झालं, तर त्याच दिवशी दाखवावं. मधल्या पडद्यात रक्त साचलं असेल तर उशीर महागात पडतो.

गैरसमज: दुसरं ऑपरेशन म्हणजे किरकोळ डागडुजी.

वस्तुस्थिती: हाडाचा छोटा उंचवटा घासायचा असेल, तर काम खरंच छोटं असतं. पण आधार खचला असेल तर ते पहिल्यापेक्षा अवघड होतं. आत वणाच्या ऊतींमुळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठाही पूर्वीसारखा नसतो. पडद्याची कूर्चा आधीच वापरली गेली असेल, तर कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. कानाची कूर्चा मऊ आणि वळलेली असते. बरगडीची भक्कम, पण कालांतराने वाकू शकते. पहिल्या ऑपरेशनची नोंद मागून घेतली, तर काय काढलं आणि काय बसवलं हे नव्या सर्जनला नेमकं कळतं.

गैरसमज: त्यापेक्षा फिलर, म्हणजे भराव करणारं जेल, टोचून घेणं सुरक्षित.

वस्तुस्थिती: नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यांत शिरला तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. ऑपरेशन झालेल्या नाकात हा धोका आणखी वाढतो.

गैरसमज: हा सगळा दिसण्याचाच प्रश्न, विम्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: प्रश्न श्वासाचाही असू शकतो: जास्त कूर्चा काढल्याने नाकाच्या भिंती श्वास घेताना आत ओढल्या जाऊ शकतात. गाल बाजूला ताणल्यावर श्वास मोकळा वाटला, तर हे सर्जनना जरूर सांगा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात केवळ सौंदर्यासाठीचं ऑपरेशन सहसा वगळलेलं असतं; वैद्यकीय गरज असेल तर पॉलिसीच्या अटी पाहून आधीच विचारावं.

गैरसमज: पुन्हा करावं लागलं, म्हणजे पहिल्या सर्जनची चूक.

वस्तुस्थिती: चूक असू शकते, पण दर वेळी नाही. वण कसा आकसेल, हे कुशल हातांच्याही ताब्यात नसतं. निरनिराळ्या अभ्यासांत फेरऑपरेशनचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या आसपास येतं.

गैरसमज: या खेपेला नाक अगदी फोटोतल्यासारखं होईल.

वस्तुस्थिती: दुसऱ्या खेपेचं ध्येय सुधारणा हे असतं. इतरांना न दिसणारा दोष दिवसभर छळत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. अशा वेळी ऑपरेशनने समाधान क्वचितच मिळतं. तक्रार ठरावीक असेल, तर दोन सर्जनना भेटून एकच प्रश्न विचारावा: ‘यातलं काय सुधारणार नाही?’ त्याचं नेमकं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नये.