बेकिंगच्या अंतिम फेरीत शेकोटी! ‘बेक ऑफ’चे प्रेक्षक का भडकले होते?
‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ म्हणजे तंबू आणि ओव्हन. पण ३० ऑक्टोबर २०१८च्या अंतिम फेरीत राहुल मंडल, रुबी भोगल आणि किम-जॉय यांना तंबूबाहेर शेकोटीवर पिटा ब्रेड भाजायला लावले. हे बेकिंगच नाही, असा सूर सोशल मीडियावर उमटला.

तक्रारीत तथ्य होतं. पिटा आतल्या वाफेने फुगतो, अगदी आपल्या फुलक्यासारखा. त्यासाठी आच कडक आणि सगळीकडून सारखी हवी. ओव्हनमध्ये ती बटणावर मिळते. शेकोटीत वारा ठरवतो. रोज चुलीवर भाकरी थापणारीला हे सहज जमलं असतं म्हणा! पण नऊ आठवडे ओव्हनवर पारखलेल्यांपुढे शेवटच्या दिवशी विस्तव ठेवणं जरा अतीच. जिंकला मूळ कोलकात्याचा, पेशाने संशोधक असलेला राहुल.