उडता फड

तमाशाचा फड एका गावचा खेळ आटोपून दुसऱ्या गावी जातो. माणसे, सामान, सारे बरोबर. आकाशात कसरती करणाऱ्या विमानांचेही तसेच असते. ते कसे, हे आम्ही येथे सांगतो.

ब्रिटनच्या हवाई दलाचे 'रेड ॲरोज' नावाचे पथक आहे. म्हणजे लाल बाण. मोठ्या खेळात त्याची नऊ लाल विमाने एकत्र उडतात. या विमानांचे नाव हॉक. आपल्या 'सूर्यकिरण' पथकाची विमानेही हॉकच आहेत.

हॉकला इंजिन एक आणि जागा दोन. पुढे वैमानिक बसतो. मग मागे कोण? प्रवासात मागे मिस्त्री बसतो. प्रत्येक मिस्त्र्याचा वैमानिक ठरलेला असतो. मिस्त्र्यांच्या या टोळीला 'सर्कस' म्हणतात! विमान उतरले की मिस्त्री कामाला लागतो. तेल भरतो, यंत्र तपासतो, पुढच्या उड्डाणाची तयारी करतो.

हॉक लहान. त्यात तेल थोडे मावते. या पथकाच्या विमानांत उडता उडता तेल भरण्याची सोय नाही. म्हणून लांबची वाट मुक्काम करीत काटावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पथक उत्तर अमेरिकेला निघाले. मध्ये अटलांटिक महासागर. एका दमात जाणे शक्य नव्हते. मग आधी आइसलँड, नंतर ग्रीनलँड, मग कॅनडा, असे टप्पे केले. जड सामान मोठ्या मालवाहू विमानातून गेले.

वाटेत कसरती नसतात. पुढे हवा वाईट असेल तर मुक्काम वाढवायचा. एका इंजिनाचे विमान आणि खाली गारठलेला समुद्र! तेथे घाई म्हणजे जिवाशी खेळ.

लोक टाळ्या देतात त्या वैमानिकाला. पण मागच्या जागेवरून आलेला मिस्त्रीही त्या टाळ्यांचा धनी आहे.