एकरी २५ हजार गोळ्या

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या भातशेतीत कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत रुजावी म्हणून बरीच वर्षे प्रयत्न झाले. तूस आणि पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे, दोरी धरून नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही तिची चार सूत्रे. चुडांमधले अंतर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर ठेवायचे आणि चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने खोल खोचायची. खत वाहून जात नाही, थेट मुळांना मिळते. पद्धत गुणाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता हिशेब मांडू. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक गोळी, म्हणजे एकरी सुमारे २५ हजार गोळ्या. तितक्या वेळा कुणीतरी चिखलात हात घालते. नांगरणी-चिखलणी पुरुषांची, पॉवर टिलर पुरुषांच्या हाती, आणि लावणी बायकांची, अशी आपल्याकडची वाटणी आहे. त्यामुळे या पद्धतीत वाढलेले काम जवळजवळ सगळे बायकांच्या कमरेवर येते. लावणी उक्ती दिलेली असेल तर दोरी धरून अंतर राखण्यात गेलेला वेळ मजूर बाईच्या पदरचा जातो. प्रशिक्षणाला मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो जातो. मग बांधावर उभे राहून ‘बायका ऐकतच नाहीत, जुन्याच पद्धतीने लावतात’ असे म्हटले जाते. अंतर १५ सेंटिमीटरच का, गोळी लावणीच्याच दिवशी का, हे तिला कुणी सांगितले होते का, असे कोणी विचारत नाही.

बायका सुधारित शेतीकडे कमी वळतात, हा समज जगभर आहे. तो आफ्रिकेतल्या घानामध्ये नीट तपासला गेला. चेरिल डॉस आणि मायकेल मॉरिस या अभ्यासकांनी तिथल्या ६० गावांतल्या ४२० मका उत्पादकांची पाहणी वापरून २००१ साली निष्कर्ष मांडले. वरवर पाहिले तर सुधारित वाण आणि रासायनिक खत वापरण्यात बायका मागेच होत्या. पण जमीन किती, घरात राबणारे हात किती, कृषी विस्तार कार्यकर्ता भेटतो का, शिक्षण किती, हे सारे जमेस धरल्यावर शेतकरी बाई आहे की पुरुष यामुळे म्हणून पडणारा फरक उरला नाही. एक गोष्ट मात्र उरली. जिथे कुटुंबप्रमुखच बाई होती, त्या घरांत सुधारित वाणाचा स्वीकार कमीच राहिला. ज्या बाईच्या पाठीशी पुरुषाचे नाव, ओळख, उधारी काहीच नाही, तिची वाट सगळ्यात अवघड.

बुर्किना फासोमधला क्रिस्टोफर उड्री यांचा १९९६ सालचा अभ्यास आणखी बोचरा आहे. तिथे एकाच घरात नवऱ्याचे आणि बायकोचे तुकडे वेगवेगळे असतात. तेच घर, तेच पीक, तेच वर्ष, तरी बायकांच्या तुकड्यांचा उतारा कमी. कारण शेणखत आणि मजुरी पुरुषांच्या तुकड्यांकडे वळत होती. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने अंदाज दिला की, विकसनशील देशांत महिला शेतकऱ्यांना पुरुषांइतकीच साधने मिळाली तर त्यांच्या शेतातले उत्पादन २० ते ३० टक्के वाढेल.

आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के होत्या. शेतात राबणाऱ्या बायकांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. पीककर्ज, ठिबकचे अनुदान, अवजारांचे अर्ज, पीएम-किसानचा हप्ता, सगळ्यांचे दार सातबाऱ्यातून उघडते. नाव नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून ठिबक नाही. शेवटी अहवालात ‘तंत्रज्ञानाचा स्वीकार कमी’ अशी ओळ येते.

मराठवाड्यात याला एक वेगळे उत्तर निघाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनात गावोगावच्या बायकांबरोबर उभी राहिलेली ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था पुढे शेतीकडे वळली. धाराशिव, लातूर, सोलापूरकडे दुष्काळ पाठ सोडत नव्हता. सोयाबीन आणि ऊस यांत घरचे पैसे अडकत, आणि पाऊस गेला की ताटातले अन्नही जाई. या बायकांनी घरात मागणी केली ती अर्ध्या-एक एकराची. त्या तुकड्यात काय लावायचे, बियाणे कोणते, खत कोणते, हे आम्ही ठरवू. बाकीचे रान मालकांनी त्यांच्या मताने करावे. एक एकर मॉडेल म्हणतात ते हे. कडधान्ये, तृणधान्ये, पालेभाज्या, फळभाज्या एकत्र. घरचे बियाणे, गांडूळखत, दशपर्णी अर्क. आधी घरात खायचे, उरेल ते बाजारात. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाचे वाटते ते सुधारणेचे बदललेले माप. आपण एकरी क्विंटल मोजतो. या बायकांनी वर्षभरात घरात किती दिवस विकतची भाजी आणावी लागली नाही, हे मोजले. पाऊस दगा देतो तिथे अनेक पिकांत जोखीम वाटून टाकणे हेही उत्तम शेतीशास्त्रच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ या संस्थेच्या साथीने देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, तोही याच शहाणपणाचा मान होता.

पण दशपर्णीसाठी पाला गोळा करायला रानात कोण जाते? गांडूळखताचा वाफा ओला कोण ठेवते? पुन्हा तीच. सेंद्रिय असो की रासायनिक, प्रत्येक पद्धतीला तिच्या दिवसातले तास लागतात, आणि ते मोजण्याची सवय अजून आपल्या कृषी विस्ताराला लागलेली नाही. तणनाशकाने उलटे घडले. खुरपणीचे कष्ट वाचले, आणि ज्यांच्या चुली त्या मजुरीवर पेटत, त्या भूमिहीन बायकांची रोजीही गेली. एकच सुधारणा एका बाईची सोय आणि शेजारणीची उपासमार होऊ शकते.

शिवाय तो एक एकर मिळतो नवऱ्याच्या संमतीने. नवरा गेला की काय? महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या ५०५ पत्नींशी बोलून २०१८ मध्ये पाहणी केली. त्यांतल्या सुमारे ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. ज्या रानावर उद्या दीर राहू देईल की नाही हे ठाऊक नाही, तिथे बांधबंदिस्ती कोण करील, फळझाड कोण लावील?

हे फार आधीच ओळखून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली. पुरुषांनी आपणहोऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. पुढे १९९१ मध्ये जोशींनी चतुरंग शेतीचा विचार मांडला, त्यातली सीता शेती म्हणजे बायकांच्या हाती असलेल्या तुकड्यावर नव्या, कमी खर्चाच्या प्रयोगांची शेती. हक्क आणि तंत्र यांची गाठ त्यांनी तेव्हाच बांधली होती.

त्या चळवळीमागोमाग शासनानेही १५ सप्टेंबर १९९२ रोजी लक्ष्मी मुक्ती योजनेचे परिपत्रक काढले. त्याखाली पती हयात असतानाच, त्याच्या अर्जावरून, पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकते. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, तलाठी फेरफार नोंदवतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. रब्बीची पेरणी आटोपली की त्या कामासाठी एक दिवस सहज निघतो.