डब्यातील गिलिटाचे दागिने : जपणूक आणि डागडुजी

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत कपाटाच्या तळाशी एखादा जुना पत्र्याचा डबा हाती लागतो. त्यात आजीची गिलिटाची तुशी, आईने लग्नसराईत वापरलेली खोट्या मोत्यांची चिंचपेटी, खडा निखळलेली कुडी, काळवंडलेली मोहनमाळ अशा वस्तू कापसात गुंडाळून ठेवलेल्या असतात. व्यापारी घरांत अशा दागिन्यांना एके काळी मोठा उपयोग होता. प्रवासात जोखीम नको म्हणून खरे सोने तिजोरीत राही आणि अंगावर गिलीट असे. आता सराफाकडे त्यांना किंमत नाही आणि बँकेत ते तारण म्हणून चालत नाहीत. त्यामुळे बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर डबा भंगारात जातो, किंवा कोणी उत्साहाने दागिने चिंच लावून घासावयास बसते आणि उरलासुरला मुलामाही निघून जातो. वास्तविक थोडी समज आणि घरातील चार साध्या वस्तू एवढ्यावर यांतील पुष्कळसे दागिने पुन्हा वापरात येऊ शकतात.

पहिले काम स्वच्छतेचे नसून ओळखीचे आहे. डब्यातील सर्वच वस्तू खोट्या आहेत, असे गृहीत धरू नये. उजेडात बसून भिंगाने प्रत्येक दागिन्याची मागील बाजू, फासा आणि कड्या पाहाव्यात. भारतात सोन्याच्या हॉलमार्कची योजना 2000 साली सुरू झाली व जून 2021 पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणून जुन्या दागिन्यावर छाप नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. लोहचुंबकाचाही फारसा भरवसा नाही. लोखंडी भाग तो ओळखतो. पण पितळ आणि सोने दोन्ही त्याला चिकटत नाहीत. शंका आली की ती वस्तू बाजूला ठेवून विश्वासातील सराफाकडून तपासून घ्यावी. तुशी, साज अशा काही घडणींत पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. लाख उष्णतेने मऊ होते व स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे असे दागिने गरम पाणी आणि स्पिरिट यांपासून दूर ठेवावेत.

रंग का जातो, हे समजले की हात आपोआप हलका होतो. गिलिटाचा दागिना बहुधा पितळेचा वा तांब्याचा असतो व त्यावर सोन्याचा अत्यंत पातळ थर विजेच्या साहाय्याने चढविलेला असतो. स्वस्त मालात हा थर पुष्कळदा एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असतो. घाम, अत्तर व दमट हवा यांनी तो झिजला की खालचे तांबे उघडे पडते आणि पितळी भांड्याप्रमाणे त्यावर हिरवट कळक चढते. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, भांडी घासण्याची पूड ही सर्व खरवडणारी साधने आहेत. त्यांनी दागिना घटकाभर लखलखतो खरा, परंतु ती लकाकी पितळेची असते. सोने त्या पुडीबरोबर वाहून गेलेले असते.

स्वच्छतेसाठी लहान मुलाचा मऊ ब्रश, सुती कापड व रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेसे आहेत. प्रथम कोरड्या ब्रशाने धूळ काढावी. नंतर कापड भिजवून, घट्ट पिळून दागिना पुसावा. तो पाण्यात बुडवू नये. शेवटी साध्या ओल्या कापडाने साबण टिपून, पंख्याखाली रात्रभर सुकू द्यावा. हिरवी कळक जेथे मुलामा उडालेल्या उघड्या धातूवर असेल, तेवढ्याच जागी कापसाच्या काडीने व्हिनेगरचा थेंब लावून लगेच ओल्या कापडाने पुसावे. मोती वा खडा जवळ असेल, तर हा उपाय टाळावा.

खड्यांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अठराव्या शतकात पॅरिसमधील जवाहिर स्ट्रास याच्या काचेच्या हिऱ्यांनी मोठे नाव मिळविले. अशा काचखड्यांमागे चमकदार वर्ख देण्याची पद्धत पुढे सर्वत्र रुळली. आपल्या कुड्यांतील बहुतेक खडेही अशाच वर्खाच्या बळावर चमकतात. पाणी आत शिरले की वर्ख काळा पडतो व तो पुन्हा उजळत नाही. खोट्या मोत्यांचेही तसेच. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये काचेच्या मण्यांना माशांच्या खवल्यांपासून केलेल्या लेपाने मोत्याची झाक देत असत. आजचे स्वस्त मोती बहुधा कृत्रिम रंगाचे असतात, पण त्यांचेही तेज वरच्या लेपातच असते. म्हणून मोती केवळ मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावेत.

निखळलेला खडा बसविण्यासाठी झटपट चिकटणारा गोंद वापरण्याचा मोह होतो. त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी छटा येते आणि तो जोड ठिसूळही असतो. दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद समप्रमाणात कालवून, दात कोरण्याच्या काडीच्या टोकावर मावेल इतकाच घ्यावा. त्यापूर्वी कोंदणातील जुना गोंद सुईने अलगद काढावा. खडा बसविल्यावर दागिना चोवीस तास हलवू नये. हरवलेल्या खड्याच्या मापाचा दुसरा खडा मणी-टिकल्यांच्या दुकानात अल्प किमतीत मिळतो.

माळ पुन्हा ओवताना दोरा कापण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. मण्यांचा क्रम एकदा विस्कटला की स्मरणावर विसंबता येत नाही. ताटात जाड पंचा पसरून त्यावर मणी मांडले म्हणजे ते घरंगळत नाहीत. अनेक घरांत रेशीम वर्ज्य असते. तेथे नायलॉनचा पक्का दोरा उत्तम काम देतो व तो घामाने लवकर कुजतही नाही. गुंतागुंतीचे पदर असतील, तर मात्र पटवेकऱ्याकडे जाणेच श्रेयस्कर.

त्वचेला टेकणाऱ्या मागील बाजूस बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात दिल्यास कळक व डाग काही काळ थांबतात. तो थर उडाला की पुन्हा द्यावा. पुष्कळ स्वस्त दागिन्यांत निकेल असते व काहींना त्याने खाज सुटते. लेप देऊनही खाज राहिली, तर तो दागिना घालू नये. घरी सोन्याचा मुलामा चढविण्याच्या फंदात पडू नये. त्या कामातील द्रावणांत बहुधा सायनाइडचे क्षार असतात. ते काम कारागिराकडेच सोपवावे आणि त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.

अत्तर आणि पावडर आधी, दागिना शेवटी; काढताना मात्र दागिना प्रथम, हा क्रम पाळावा. काढल्यावर तो कोरड्या कापडाने पुसून स्वतंत्र पिशवीत ठेवावा. डब्यात सिलिका जेलची पुडी असल्यास पावसाळ्यात दमटपणा बाधत नाही.

एवढे झाल्यावर एक काम उरते आणि त्याला कागदाच्या चिटोऱ्याखेरीज काही लागत नाही. प्रत्येक पिशवीत दागिना कोणाचा, साधारण केव्हाचा, खरा की गिलिटाचा, आणि त्यात काय दुरुस्त केले, हे लिहून ठेवावे. घरातील वडीलधारी स्त्री हयात असतानाच तिला शेजारी बसवून हे लिहून घ्यावे. पुढे वाटणीच्या वेळी खऱ्या-खोट्याचा घोळ झाला, तर नात्यांत जी कटुता येते, ती कोणत्याही साबणाने निघत नाही. शिवाय, चिठ्ठी लिहिण्याच्या निमित्ताने त्या तुशीची हकीकत नातीच्या कानी पडते. मग नातही ती तुशी सणाला आनंदाने गळ्यात घालते.