मैदान आधी, इमारत मग

२०२२ च्या नोव्हेंबरात धाराशिवच्या श्री तुळजाभवानी क्रीडा संकुलावर देशभरातले खो-खो संघ उतरले. वरिष्ठ गटाची ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती आणि शहराचं नाव कागदोपत्री अजून उस्मानाबादच होतं. वर्षभराने, नाव बदललेल्या जिल्ह्यात, महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला आणि शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतल्या एका कोरडवाहू जिल्ह्याने लागोपाठच्या दोन वर्षांत एवढ्या मोठ्या दोन स्पर्धा भरवल्या, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण मोठ्या स्पर्धा आठवडाभरात संपतात. उरलेल्या दिवसांत ते मैदान, त्या खोल्या, त्या गॅलऱ्या कोणाच्या असतात, ही गोष्ट मागे जाऊन पाहण्यासारखी आहे.

मराठवाड्यात खेळाची सार्वजनिक जागा सहजासहजी मिळालेली नाही. निजामाच्या राजवटीत सभांवर जशी परवानग्यांची बंधनं होती तशी आखाड्यांवरही होती. उमरगा भागात गुंजोटीसारख्या गावांत आर्य समाजाचं काम जोरात होतं, आणि व्यायाम, लाठी, कवायत हे त्या कामाचं अंग होतं. चार पोरं एकत्र येऊन दंड-बैठका काढतात, एवढंही राजवटीच्या डोळ्यांत खुपत असे. त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपल्यावर गावोगावच्या तालमी उघडपणे घुमू लागल्या, तेव्हा त्या मोकळीकीची चव वेगळी असणार. त्या काळातल्या खेळाच्या इमारती म्हणजे बहुतेक मारुतीच्या देवळाला लागून असलेली एक खोली, आत लाल माती आणि कोनाड्यात बजरंगबली. डागडुजी गावच करायचं. निधी, निविदा, समिती यांतलं काहीच नव्हतं आणि तरीही माती दरवर्षी नव्याने कसली जायची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आजच्या लोहारा तालुक्यातली सास्तूर, होळी ही गावंही त्याच पहाटे जमीनदोस्त झाली. लातूर आणि उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून जे पुनर्वसन झालं, त्यात बावन्न गावं नव्या जागी उभी राहिली. जुनी गावं दाट होती, गल्ल्या अरुंद होत्या. नवी गावं सरळ आखलेली, रुंद रस्त्यांची, सार्वजनिक सोयींसाठी जागा राखून ठेवलेली. आराखड्यात हे सगळं चांगलंच होतं. पण जुन्या गावात तालीम कुठे असावी हे पिढ्यांनी ठरवलं होतं, नव्या गावात ते नकाशाने ठरवलं. ज्या जागेवर आधी कोणी खेळलंच नाही, तिथे नुसती मोकळी जागा सोडली म्हणून खेळ आपोआप रुजत नाही. क्रीडा इमारतींच्या नूतनीकरणाबद्दल या जिल्ह्याला काही सांगायचं असेल, तर ते इथून सुरू होतं असं मला वाटतं.

पुढचा टप्पा सरकारी आहे. २००१ च्या क्रीडा धोरणानंतर राज्याने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तीन पातळ्यांवर क्रीडा संकुलं उभारायचं ठरवलं. कल्पना मोठी होती आणि मनापासूनची होती. शिवाजी पार्कसारखी मैदानं मुंबईला लाभली, ती मराठवाड्यातल्या मुलांना का मिळू नयेत? पण तालुक्याच्या संकुलाला सुरुवातीला मिळणारा पैसा इतका थोडा होता की त्यात कुंपण, एखादी इमारत आणि धावपट्टीची आखणी एवढंच भागायचं. शिवाय देखभालीचा खर्च संकुलाने स्वतः कमवावा अशी अपेक्षा. मग ठिकठिकाणी रस्त्याच्या बाजूने गाळे निघाले आणि मैदानं सभा-समारंभांना भाड्याने जाऊ लागली. मंडपाचे खांब रोवले की धावपट्टीत खड्डे पडतात आणि ते बुजवायला पुढच्या स्पर्धेपर्यंत कोणी येत नाही. यात दुष्ट कोणीच नाही. इमारत बांधायला एकरकमी पैसा मिळतो, ती रोज झाडायला मिळत नाही, एवढाच सगळा घोळ आहे.

या सगळ्यात धाराशिवचा खो-खो वेगळा उठून दिसतो. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांत बांधलेला हा खेळ इथे आला आणि टिकला, तो इमारतीच्या जोरावर अजिबात नव्हे. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी वर्षानुवर्षं मुलामुलींना मैदानावर आणलं. त्यातून सारिका काळे घडली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो प्रथमच आला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी परत मिळत होता. त्या वेळी तिने सांगितलेली गोष्ट महाराष्ट्राने वाचली आहे: घरच्या ओढगस्तीमुळे जवळजवळ दहा वर्षं एका वेळच्या जेवणावर काढावी लागली. तेव्हा ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

खो-खोला लागतं तरी काय? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद मैदान, दोन खांब आणि माती. पण ही माती नुसती अंथरून चालत नाही. ती चाळावी लागते, पाणी मारून बसवावी लागते, रोलर फिरवावा लागतो. खेळाआधी पाणी मारलं नाही तर धूळ उठते आणि सूर मारणाऱ्या मुलीचे गुडघे सोलतात. आता विचार करा, उजनीचं पाणी लांबून पाइपातून आणावं लागणाऱ्या शहरात, २०१२-१३ सारख्या किंवा शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी पोचवावं लागलं त्या २०१५-१६ सारख्या दुष्काळात, मैदानावर मारायला पाणी कुठून आणायचं? हा प्रश्न कुठल्याही संकुलाच्या आराखड्यात मी पाहिलेला नाही. खरं तर मराठवाड्यात तो पहिल्या पानावर हवा.

दरम्यान खेळच मॅटवर गेला. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होऊ लागले आणि २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग टीव्हीवर आली. मॅटला पाणी लागत नाही, पण छप्पर लागतं. उन्हापावसात ती उघडी ठेवता येत नाही आणि रोज गुंडाळून वाहणं दहा-बारा वर्षांच्या मुलींच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणजे ज्या खेळाला शतकभर इमारतीची गरज पडली नाही, त्याला आता ती खरोखर पडली आहे. मातीवर शिकलेली मुलगी मॅटवर पहिल्यांदा स्पर्धेतच उतरली, तर वळताना तिचा पाय फसतो, अंदाज चुकतो. सराव आणि स्पर्धा यांचा पृष्ठभाग एक असणं हे लाड नव्हेत.

याच सुमारास राज्याने अनुदानाची मर्यादा वाढवली: तालुका संकुलाला १ कोटीवरून ५ कोटी, जिल्हा संकुलाला ८ कोटींवरून २५ कोटी. जुन्या संकुलांना नवं रूप देण्याची भाषा सगळीकडे ऐकू येऊ लागली. चांगलंच आहे. मात्र पैसा वाढला की पहिली नजर दर्शनी भागावर जाते. कमान, काचा, रंगीत दिवे. आणि आत कोणाला येता येणार, हा प्रश्न मागे पडतो. मुंबईत मोकळे भूखंड देखभालीसाठी संस्थांना दिले गेले आणि काही ठिकाणी त्यांवर सभासदांपुरते जिमखाने उभे राहिले. पुढे महापालिकेला ते भूखंड परत मागावे लागले. तिथली जमीन सोन्याच्या भावाची, म्हणून तो वाद गाजला. धाराशिव, कळंब, परंड्यात जमिनीचा भाव तेवढा नाही, पण शुल्काची पाटी इथेही लागू शकते. वार्षिक सभासदत्व हजारांत गेलं, तर ज्या घरांतून सारिका येते त्या घरांतली मुलगी फाटकाबाहेरच थांबेल.

म्हणून येत्या नूतनीकरणात मला कमानीआधी चार गोष्टी हव्यात. मुलींसाठी आतून कडी लागणारी, पाणी असलेली स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायची खोली, कारण आठवी-नववीत मुली खेळ सोडतात त्यामागे हे कारण असतंच. एक साधा, उंच छपराचा, बाजूंनी वारा येणारा हॉल, ज्यात मॅट कायम अंथरलेली राहील. छतावरचं पावसाचं पाणी साठवून मातीच्या मैदानाला देणारी टाकी, कारण मॅट आली तरी लहान मुलांनी माती सोडू नये. आणि पहाटे व संध्याकाळी फाटक उघडणारा पगारी माणूस, ज्याचा पगार गाळ्यांच्या भाड्यावर किंवा लग्नाच्या मंडपावर अवलंबून नसेल. अनुदानाच्या आदेशांत बांधकामाचा पैसा बारकाईने लिहिलेला असतो. या माणसाच्या पगाराची ओळही त्याच पानावर यायला हवी, आणि ती यावी यासाठी जिल्ह्यातल्या खेळाडूंनी, त्यांच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी आत्ताच, निविदा निघण्याआधी, संकुल समितीपुढे जाऊन बसायला हवं.