प्रकाशाचेही निव्वळ वजन पाहावे
घर आणि व्यवसायासाठी लहान प्रोजेक्टर निवडताना

कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढून ओतूरमार्गे आळेफाट्यावर येतो आणि पुणे-नाशिक महामार्ग ओलांडून अहिल्यानगरकडे जातो. या रस्त्याच्या पहिल्या टोकाला, कल्याण येथे, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत आणि प्रेक्षक थक्क होत. पुढे गावोगावच्या जत्रांत तंबूतील फिरती चित्रपटगृहे आली. त्यांची अवजड यंत्रे ट्रकमधून नेली जात. आज तेच काम करणारे यंत्र हातपिशवीत मावते. सॅमसंग कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या ‘फ्रीस्टाईल’ या प्रोजेक्टरचे वजन अवघे ८३० ग्रॅम आहे.

आळे परिसरातील व्यापारी कुटुंबाला अशा यंत्राचा मोह पडणे स्वाभाविक आहे. कापड दुकानदाराला ग्राहकापुढे साड्यांचे नमुने मोठ्या आकारात मांडता येतात. कृषी सेवा केंद्र चालविणाऱ्याला संध्याकाळी शेतकऱ्यांच्या बैठकीत कांदा-टोमॅटोवरील रोगांची छायाचित्रे दाखविता येतात. आडतदाराला नव्या मुनिमास टॅलीतील नोंदी भिंतीवर समजावून देता येतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपल्यावर तेच यंत्र घरच्या खोलीत लावले, तर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकत्र बसून तीर्थयात्रेची किंवा लग्नाची छायाचित्रे पाहू शकतात. प्रश्न एवढाच, की एकच यंत्र ही सारी कामे खरोखर करील काय?

खोक्यावरचा आकडा

बाजारात चार-पाच हजार रुपयांपासून लाखापलीकडे किमतीचे लहान प्रोजेक्टर मिळतात. गंमत अशी, की स्वस्त यंत्राच्या खोक्यावर पुष्कळदा महागड्या यंत्रापेक्षा मोठा आकडा छापलेला असतो. कोठे ‘९००० लुमेन’, तर कोठे ‘१२००० लुमेन’. लुमेन हे प्रकाशाचे माप आहे. परंतु तो प्रकाश कोठे मोजला, हे सांगितल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही. आतील दिव्यापाशी मोजलेला प्रकाश आणि भिंतीपर्यंत पोहोचणारा प्रकाश यांत मोठे अंतर असते. काही आकडे तर कोणत्याही मोजमापाशिवाय छापलेले असतात.

‘एएनएसआय लुमेन’ हे माप निराळे आहे. त्यात पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येक भागाच्या मध्यभागी प्रत्यक्ष पडलेला प्रकाश मोजतात आणि त्याच्या सरासरीवरून एकूण प्रकाश काढतात. ‘आयएसओ लुमेन’ हेही याच पद्धतीचे आंतरराष्ट्रीय माप होय. कांद्याच्या व्यापाऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. गोणी काट्यावर ठेवली की दिसते ते एकूण वजन. पैसे मोजायचे ते बारदान वजा करून उरलेल्या निव्वळ वजनाचे. खोक्यावरचा मोघम लुमेन हे बारदानासकट वजन आहे. विक्रेता एएनएसआय किंवा आयएसओ आकडा सांगू शकत नसेल, तर तो माल न तोलता विकला जात आहे, असेच समजावे. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांचा समावेश आहे. माप चोख ठेवणाऱ्याने घेतानाही चोख मापाचा आग्रह धरणे योग्यच होय.

खोलीचा हिशेब

यंत्र पाहण्याआधी जागा मोजावी. ८० इंची चित्र सुमारे १७७ सेंटिमीटर रुंद आणि १०० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन चौरस मीटर. २०० एएनएसआय लुमेनचा प्रकाश त्यावर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरला साधारण ११४ लुमेन येतात. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते आणि उजेड एकचतुर्थांश उरतो.

आता दुकानाकडे पाहावे. चांगल्या उजेडाच्या दुकानात प्रत्येक चौरस मीटरला ३०० ते ५०० लुमेन प्रकाश असतो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. भिंतीवर आधीच असलेला उजेड हाच त्याचा काळा रंग. दुकानाच्या ३०० मध्ये यंत्राचे ११४ मिसळले, तर साडीचा गर्द जांभळा रंग राखाडी दिसणार आणि ग्राहक निराश होणार. म्हणून दिवसा उजेडात ग्राहकांना माल दाखविणे हाच मुख्य हेतू असेल, तर लहान प्रोजेक्टर घेऊ नये. तेथे ४३ इंची दूरचित्रवाणी संच अधिक उपयोगी पडतो. किंवा तीन हजार लुमेनच्या आसपासचा, सुमारे अडीच किलो वजनाचा कार्यालयीन प्रोजेक्टर घ्यावा. काम संध्याकाळचे आणि अंधाऱ्या खोलीतले असेल, तर २०० ते ५०० एएनएसआय लुमेनचे लहान यंत्र घराला पुरेसे आहे.

अंतराचेही गणित असते. पुष्कळ लहान यंत्रांचे अंतर-प्रमाण १.२ असते, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या १.२ पट अंतरावर यंत्र ठेवावे लागते. ८० इंची चित्रासाठी हे अंतर सुमारे सात फूट, तर १०० इंचीसाठी पावणेनऊ फूट होते. यंत्र शक्यतो भिंतीसमोर सरळ ठेवावे. तिरके ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी करता येते, परंतु त्यात काही बिंदू वाया जातात आणि अक्षरे पुसट होतात. भिंत पांढरी आणि निस्तेज रंगाची असावी. पिवळसर भिंतीवर सारेच रंग बदलतात.

अक्षर वाचता येते का?

दुसरी फसगत रिझोल्यूशनची. ‘१०८० सपोर्ट’ किंवा ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तसा संकेत स्वीकारते, एवढाच. ते दाखविते किती, हे ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ सांगते. ८५४ × ४८० म्हणजे चार लाखांच्या आसपास बिंदू, १२८० × ७२० म्हणजे नऊ लाखांहून थोडे अधिक, तर १९२० × १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक. चित्रपटात हा फरक काहीसा झाकला जातो. टॅलीच्या बारीक आकड्यांत मात्र लगेच उघडा पडतो. हिशेबाच्या कामासाठी नेटिव्ह १०८० हवेच.

गावात नेताना

बैठकीच्या गावी विजेचा भरवसा नसेल, तर बॅटरीचा विचार आला. काही यंत्रांत बॅटरी असतेच असे नाही. वर उल्लेखिलेल्या ‘फ्रीस्टाईल’मध्येही ती अंगभूत नाही. यंत्र ६० वॅट घेत असेल, तर २०००० एमएएचची, म्हणजे सुमारे ७४ वॅट-तासांची पॉवर बँक त्यास तासभर चालवील; तीही तेवढे वॅट देणारी असली पाहिजे. बॅटरीवर चालताना अनेक यंत्रे प्रकाश कमी करतात, हेही विचारून घ्यावे. पन्नास माणसांच्या बैठकीला आतला छोटा स्पीकर पुरत नाही. तारेने जोडलेला वेगळा स्पीकर न्यावा. पावसाळी रात्री उघड्यावर प्रकाश लावला की कीटक झेपावतात. जीवदयेच्या दृष्टीने बैठक बंद सभागृहातच घ्यावी. स्थानकात किंवा उपाश्रयात यंत्र नेण्यापूर्वी तेथील मर्यादा विचारून घ्याव्यात. घरगुती वर्गणीवर मिळणारे चित्रपट सार्वजनिक कार्यक्रमात दाखविण्यास परवानगी लागते, याचाही विसर पडू नये.

पावती आणि पारख

२२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. व्यवसायासाठी खरेदी असेल, तर पेढीचा जीएसटी क्रमांक घातलेली पावती घ्यावी. मात्र जे यंत्र घरीही वापरले जाणार, त्याच्या खासगी वापराच्या हिश्श्यावर कराची वजावट मिळत नाही. कर सल्लागाराला वापर खरा तोच सांगावा.

पैसे देण्यापूर्वी आपला लॅपटॉप दुकानात न्यावा, आपलाच हिशेबाचा तक्ता उघडावा, आपल्या साडीचे छायाचित्र लावावे आणि दुकानातील दिवे प्रथम चालू, मग बंद करून पाहावे. पंख्याचा आवाज ऐकावा. चित्राचे चारही कोपरे सारखे स्पष्ट आहेत का, ते पाहावे. घरी लागणारी ॲप्स प्रत्यक्ष चालवून घ्यावीत. सर्वच यंत्रांना त्यांची अधिकृत परवानगी नसते. दुरुस्ती केंद्र पुण्यात आहे की परराज्यात, हेही विचारावे.

कांद्याची गोणी फोडून आतला माल हाताने चाचपल्याशिवाय जो भाव करीत नाही, त्याने प्रकाशाचा सौदाही तसाच करावा. अर्ध्या तासाच्या या पारखीने संध्याकाळच्या अंधारात भिंतीवर काय दिसणार, ते दुकानातच कळते आणि पुढील अनेक वर्षांचा पश्चात्ताप टळतो.