वीस सेकंदांत एक हॉर्न

पन्नास मीटरवर टार्गेट, धनुष्य पूर्ण ताणलेलं, आणि मागे स्पीकरवर कुठल्याशा स्टेडियममधला आरडाओरडा. शेजारच्या टॅबवर मोठे आकडे उलटे पळताहेत. कंपाउंड तिरंदाजीच्या वैयक्तिक सामन्यात एका बाणाला 20 सेकंद मिळतात आणि दहाचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं असतं. बुलढाण्यातल्या या मैदानावर सर मध्येच मुद्दाम हॉर्न वाजवतात. बाण सुटतो. नऊ.

"मले तर वाटलं हात जागेवरच होता, सर."

"पाय बरं इथं." मोबाइलवरचं चित्रण सर सावकाश पुढे सरकवतात. बाण सुटायच्या आधीच धनुष्याचा हात खाली आलेला दिसतो. पोरीची नजर टार्गेटवरून ढळली नव्हती; हॉर्न ऐकून तिला तो बाण एकदाचा सोडून मोकळं व्हायचं होतं. म्हणून सर गोंगाट ऐकू नको असं सांगतच नाहीत. घड्याळात वेळ असेल तर दोरी सैल कर, श्वास घे, पुन्हा ताण, एवढंच घोटून घेतात. बाण न सोडण्याचा हा सराव मला सगळ्यांत अवघड वाटला.

एका गुणाची किंमत इथल्या पोरांना ठाऊक आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषकात जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या माइक श्लोसरला हरवलं ते 149-148 असं.

कोरियाचा थाट वेगळा. 2016च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी त्यांचे तिरंदाज सोलच्या बेसबॉल स्टेडियममध्ये प्रेक्षकांपुढे उभे राहिले. टोकियोपूर्वी जिनचॉनच्या सराव केंद्रात ऑलिंपिकच्या मैदानाची प्रतिकृतीच उभारली गेली. टोकियोत तर कॅमेऱ्याने टिपलेले खेळाडूंच्या हृदयाचे ठोकेही टीव्हीवर दिसत होते.

मग डोळ्यांवर चढवायचा व्हीआर चष्मा आणला तर? गर्दी, पंचांची जागा, मैदानात शिरायची वाट यांची ओळख तो करून देईल. पण चष्म्यातलं टार्गेट कितीही दूर भासलं, तरी डोळ्याचं भिंग एक-दोन मीटरवरच रोखलेलं राहतं. हातात धनुष्याचं वजन नाही, पाठीवर ताण नाही. माझ्या मते पैसे असतील तर आधी दुसरा मोबाइल आणि तिपाई घ्यावी, म्हणजे समोरून आणि बाजूने एकदम बघता येईल.

वाऱ्याचा सराव फुकट आहे. बुलढाणा घाटावर वसलेलं. दुपारी टार्गेटवरचे कागद फडफडायला लागले, की सर स्पीकर बंद करतात.